अकलूजची चेनिन आणि माळकरी दादा

शनिवार, रात्री

आज दादाला घेऊन अकलूजला जाऊन आले. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत गेलो, टेंभुर्णीच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता नुसता भरलेला, जानेवारी म्हणजे तिकडं कारखान्याचा सीझन, त्यामुळं पोचायला उशीरच झाला. अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेलीची वायनरी आहे, माझ्या मनात लई दिवसांपासून होतं की ही एकदा दादाच्या डोळ्यांनी बघायची. वायनरीत मी याआधीही गेलेय, पण द्राक्ष पिकवणाऱ्या माणसाबरोबर कधीच नाही.

दादा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी चुकवत नाही, वाईन काय साधी सुपारी खात नाही. पण तुळजापूर तालुक्यात त्याची माणिक चमनची बाग आहे, निम्मी द्राक्षं खायची म्हणून जातात आणि उरलेल्याचा बेदाणा होतो. मी विचारलं येतोस का, तर तो म्हणाला "पिणार नाही, पण वेल बघायला येतो". मला एवढंच पाहिजे होतं.

गेल्या गेल्या टेस्टिंगच्या बाजूला त्यानं बघितलंसुद्धा नाही, आधी बागेत. आपल्याकडं इंग्रजी वाय आकाराचे लोखंडी अँगल आणि वर पसरलेला पाला, इथं ओळी उभ्या, पाला तारांमधून सरळ वर बांधलेला, घड खाली एका रेषेत. लाल वाणांच्या मण्यात पाणी उतरून, म्हणजे मणी मऊ पडून, रंग भरायला लागला होता. त्यानं विचारून एक मणी तोंडात टाकला. मणी बारका, साल जाड, आत बिया. "ह्याला जीए दिलाच नाही का?" असं तो तिथल्या माणसाला विचारायला लागला आणि मग दोघांचं जे सुरू झालं ते अर्धा तास थांबेना. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, मणी लांब आणि फुगीर करायला आपण घड त्यात बुडवतो, इथं उलट मणी बारीकच हवा कारण रंग आणि तुरटपणा सगळा सालीत असतो, मणी जेवढा बारीक तेवढी रसाच्या मानानं साल जास्त. खायच्या द्राक्षाला सोळा-अठरा ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) आली की व्यापारी गाडी लावतो, वाईनला साखर बावीस-चोवीसपर्यंत चढवतात, ती पुढं यीस्ट खातं आणि तिचाच अल्कोहोल होतो. पाणी उतरल्यावर पाणी मोजून देतात, वेलीला जरा ताण बसू देतात. आणि एकरी माल मुद्दाम कमी ठेवतात, चार-पाच टनाच्या आसपास. हे ऐकून दादा थांबला. त्याच्याकडं दहा-बारा टन निघतो तेव्हा कुठं खर्च फिटतो. "मग रेट तसा पाहिजे," एवढंच बोलला आणि पुढच्या ओळीत गेला.

मला त्या बागेची गोष्ट आवडते. २००७ साली तीन भावांच्या जोड्या एकत्र आल्या, इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील, आणि इटलीचे पिएरो मासी वाईन बनवायला आले. उसाच्या राज्यात माळावर सांजोवेजे लावायची हिंमत केली. सांजोवेजे म्हणजे इटलीतल्या टस्कनीचं द्राक्ष, ते इथल्या उन्हात काय करतंय हे बघायचं म्हणूनच मी गेले होते.

टेस्टिंगला दादा माझ्या शेजारीच बसला. आधी चेनिन ब्लांक ही पांढरी वाईन आली. मी घोट घ्यायच्या आधी त्यानं ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाला, "पेरू. अर्धा कच्चा. आणि लिंबाची साल." मी वास घेतला तर खरंच. मग सांजोवेजे आणि शेवटी सेत्ते, म्हणजे सांजोवेजे आणि कॅबर्ने सोव्हिन्यो ही दोन लाल द्राक्षं एकत्र करून लाकडी बॅरलमध्ये मुरवलेली. सेत्तेचा वास घेऊन तो म्हणाला ह्यात लाकूड आहे. टेस्टिंग घेणारा पोरगा चकितच झाला, त्यानं प्रत्येक ग्लास आधी दादाकडं द्यायला सुरुवात केली. बेदाण्याच्या शेडमध्ये वासावरून माल ओळखण्यात ज्याचं आयुष्य गेलंय त्याला नाक शिकवावं लागत नाही, आणि मला राहून राहून वाटत होतं की असली नाकं आपल्या जिल्ह्यात गावोगावी आहेत आणि त्यांना कुणी हे विचारलेलंच नाही.

माझं मत लिहून ठेवते. चेनिन पहिली, सांजोवेजे दुसरी. सेत्ते मोठी वाईन आहे, मान्य, पण ती थंड संध्याकाळी, पोटभर जेवणाबरोबर. चेनिनचं आंबटपण उन्हातही टिकून राहतं, ही तिची खरी ताकद. आपल्याकडं फेब्रुवारीपासून ऊन चढायला लागलं की मण्यातली साखर झपाट्यानं वाढते आणि आम्ल तेवढंच झपाट्यानं पडतं, म्हणून पांढऱ्या वाईनची तोडणी लवकर आणि तीही पहाटेच्या गारव्यात उरकतात. चेनिन मूळची फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली, पण दख्खनच्या उन्हाशी तिचं जमलंय. लोक वाईन म्हटलं की लालच मागतात, चेनिनला कमी लेखतात, हे मला पटत नाही.

रविवार

आज दादाला तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला जायचं होतं म्हणून मीही गेले. दर्शन झाल्यावर लामतुरे संग्रहालयात शिरलो. लहानपणी शाळेच्या सहलीत बघितलेलं, तेव्हा काही कळलं नव्हतं. आज त्या जुन्या मातीच्या वस्तूंसमोर उभी राहिले आणि कालचं सगळं डोक्यात फिरत होतं. तेर म्हणजे जुनं तगर. 'पेरिप्लस' म्हणून एका ग्रीक व्यापाऱ्याची प्रवासवही आहे, तिच्यात, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी, लिहिलंय की पैठणहून आणि तगरहून गाड्यांनी माल भडोचच्या बंदराला जायचा, तगरचं मुख्य म्हणजे कापड. आणि त्याच वहीत भडोचला परदेशातून काय उतरायचं त्याची यादी आहे, तिच्यात वाईन आहे, आणि लिहिलंय की इटलीच्या वाईनला पसंती जास्त. म्हणजे आमच्या तेरचं कापड ज्या बंदरात जायचं त्याच बंदरात इटलीची वाईन उतरायची! आणि आता इटलीचं द्राक्ष इथून दीड-दोनशे किलोमीटरवर मुळं धरून उभं आहे. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग ह्यात नवं काय, जुनंच फिरून आलं."

इब्न बतूतानं चौदाव्या शतकात दौलताबादच्या द्राक्षांबद्दल लिहिलंय की ती वर्षातून दोनदा येतात. आज आपण एप्रिलला नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरला घडांसाठी फळछाटणी करतो आणि पीक एकच घेतो. वेल इथं थंडीतही झोपत नाही, दोनदा छाटून तिला आपण वळण लावतो, हे त्या प्रवाशानं तेव्हा बघितलं असणार असं मला वाटतं. अजिंठ्याच्या पहिल्या लेणीच्या छतावर परदेशी पोशाखातली माणसं हातात प्याले घेऊन बसलेली रंगवली आहेत, तेही इथलंच. म्हणून कुणी म्हणालं की वाईन आपल्या मातीतली नाही, तर मी त्याला आधी तेर दाखवीन.

मंगळवार

दोन दिवस एकच गोष्ट डोक्यात आहे, आज लिहून काढते.

२०२२ च्या जानेवारीत सरकारनं ठरवलं होतं की सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायची, अण्णा हजारेंनी विरोध केला, लई वाद झाला आणि ते तसंच राहिलं. तेव्हा मला विचारलं असतं तर मीही नको म्हणाले असते आणि आजही म्हणते. आमच्या भागात बायका मतदान करून गावातलं दारूचं दुकान बंद करतात, निम्म्याहून जास्त बायकांनी बाटली आडवी केली की दुकान जातं. त्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांची घरं मी बघितलीत. त्यांच्यासमोर किराण्याच्या फळीवर बाटल्या मांडायच्या आणि हे फळांचं पेय आहे म्हणायचं, हे मला जमणार नाही.

पण बागेत जे बघितलं ते वेगळं आहे. तिथं माणूस वेल बघतो, टाक्या बघतो, कोणती वाईन कोणत्या ओळीतली ते ऐकतो, दोन घोट घेतो, बरोबर काहीतरी खातो आणि घरी जातो. वाईन जिथं पिकते तिथंच, शेताच्या दारात, जेवणाबरोबर चाखायला मिळावी असं माझं ठाम मत झालंय. आणि हे मराठवाड्यात हवं. धाराशिवला द्राक्ष आहे, लातूरला आहे, जालन्याच्या कडवंचीनं तर पाणलोटाची कामं करून, शेततळी खोदून माळावर द्राक्ष उभं केलं. वेल आहे, माणसं आहेत, नाकंही आहेत.

पाण्याचं मात्र खोटं बोलणार नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्याच उन्हाळ्यात औरंगाबाद खंडपीठानं बिअर-दारूच्या कारखान्यांचं पाणी कापायला लावलं होतं, वाळूज-चिकलठाण्याला देशातली एवढी बिअर बनते आणि आजूबाजूची गावं टँकरवर. त्या वर्षी दादानंही टँकर विकत घेऊन खरड छाटणीनंतरच्या काड्या जगवल्या. वाईनच्या द्राक्षाला माल कमी धरायचा म्हणून पाणी कमी लागेल, पण एप्रिल-मेचं पाणी त्यालाही चुकत नाही. शेततळं नसेल तर ह्या वाटेला जाऊच नये.

आणि दुसरी भीती नाशिककडची. २००१ ला राज्याचं वाईन धोरण आलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले, लोकांनी धडाधड वाईनची द्राक्षं लावली. मग २००८-०९ ची मंदी आली, वायनऱ्यांनी माल उचलला नाही, आणि शेतकऱ्यांनी उभ्या बागा काढून परत खायची द्राक्षं लावली. वाईनचं द्राक्ष बाजारात विकता येत नाही हो, आंबटगोड, बियांचं, कोण घेणार टोपलीत! मागं विंचूरकडं गेले होते तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हे सांगितलं, तेव्हापासून ते मी विसरलेले नाही. त्याच फेरीत जांभळाची वाईन चाखलेली, छोट्या वायनरीची, रंग काळाजांभळा आणि घोट गिळल्यावर जांभूळ खाल्ल्यासारखीच जीभ आवळून आली. कुठल्या मोठ्या यादीत ती नसेल, पण मला अजून आठवते. बांधाबांधावर जांभळं सडून जातात आपल्याकडं.

गुरुवार

काल संध्याकाळी दादाच्या शेतात हुरडा होता. कोवळा ज्वारीचा हुरडा, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ, आणि ह्यांनी गार केलेली चेनिन उघडली. हे एवढं जुळेल असं वाटलं नव्हतं. हुरड्याचा दुधाळ गोडवा आणि चेनिनचा आंबूसपणा, मधे शेंगदाण्याचं तेल, प्रत्येक घोटानंतर तोंड स्वच्छ होऊन परत हुरडा खावासा वाटत होता. लसणाच्या चटणीबरोबर मात्र घोट जरा जास्त झणझणला, तिखटानं अल्कोहोल अंगावर येतो, तिथं थोडी गोड वाईन बरी पडेल. लाल वाईन तर ठेच्याबरोबर नकोच, तुरटपणा दुप्पट वाटतो. सांजोवेजे रविवारी उघडायची, उस्मानाबादी बोकडाच्या मटणाबरोबर, तिखट बेतानं घालून, चरबीला ते आंबटपण कापेल असा माझा अंदाज आहे.

दादा हुरडा चोळत होता, त्यानं मधेच विषय काढला. म्हणाला फेब्रुवारीत डॉगरिजचे, म्हणजे कलम भरायच्या रानटी वेलीचे, खुंट लावतो, ऑगस्टला चेनिनची काडी आणून पाचर कलम भरतो. "मी वेल वाढवीन, पुढचं तुम्ही बघा." मी म्हणलं दोन ओळी लाव आधी, बघू. तर तो म्हणतो दोन ओळींचा माल घ्यायला कोण गाडी पाठवणार, लावायचं तर एकर लावायचं. वहिनी तिथंच चुलीजवळ होती. ती म्हणाली वायनरीचा करार कागदावर, रेटासकट, किती वर्षांसाठी ते लिहून हातात आल्याशिवाय एक खुंटसुद्धा लागणार नाही. दादानं थोडी कुरकुर केली, पण विंचूरच्या त्या शेतकऱ्याचं मी सांगितल्यावर गप्प झाला. मी वहिनीच्या बाजूची आहे. सोमवारी दोन-तीन छोट्या वायनऱ्यांना फोन लावायचे, करार करतात का, किमान किती माल घेतात आणि इथून गाडीचं भाडं कोण देतं, हे तीन प्रश्न वहिनीनंच लिहून दिलेत.