कुंडी केवढी घ्यायची, रोप कधी हलवायचं: टोमॅटो, मिरची आणि वांगी

कुंडीचा आकार ठरवताना बहुतेक जण झाडाच्या उंचीकडे बघतात. बघायचं असतं ते पाण्याकडे. फळांनी लगडलेलं टोमॅटोचं मोठं झाड कडक उन्हात दिवसाला २-३ लिटर पाणी सहज ओढतं. १० लिटरच्या कुंडीत झाडाला खरोखर वापरता येईल असं पाणी फार तर तेवढंच साठतं, कारण उरलेलं पाणी मातीच्या कणांना इतकं घट्ट चिकटलेलं असतं की मुळांना ते सुटत नाही. म्हणजे सकाळी तुडुंब भिजवलेली कुंडी संध्याकाळी कोरडी. एखादी पाळी चुकली की फुलं गळतात. असं दोन-चारदा झालं की टोमॅटोच्या बुडाशी तपकिरी-काळा, बसका डाग दिसायला लागतो. हा डाग कॅल्शियमच्या कमतरतेचा, हे खरं. पण कॅल्शियम फळापर्यंत पाण्याबरोबरच जातं, आणि पाणीच खंडत असेल तर वरून कितीही कॅल्शियम फवारा, डाग यायचा थांबत नाही. ही बहुतेक वेळा छोट्या कुंडीची तक्रार असते.

म्हणून आधी स्वतःला विचारा: ऐन उन्हाच्या दिवसांत आपल्याला दिवसातून एकदाच पाणी घालता येणार आहे की दोनदा? एकदाच जमणार असेल तर सतत वाढत राहणाऱ्या, दोरीवर चढवायच्या टोमॅटोला २० लिटरच्या खाली जाऊ नका. २५-३० मिळालं तर उत्तम. ठेंगण्या, झुडपासारख्या वाणाला १२ ते १५ लिटर पुरतात. वांग्याला १५ ते २०. वांगं खादाड आहे आणि जास्त दिवस टिकतं, त्याला हात आखडता घेऊ नये. मिरची १० लिटरमध्ये सुखात राहते, ढोबळी मिरचीला १२-१५ द्या. चेरी टोमॅटोची फळं लहान म्हणून कुंडी लहान, असा हिशेब करू नका. त्यातले बरेच वाण सगळ्यात जास्त पसरणारे असतात. आणि एका कुंडीत एकच झाड. २० लिटरमध्ये दोन टोमॅटो लावले की दोघंही १० लिटरमध्ये राहतात, वर एकमेकांच्या मुळांशी भांडतात.

लिटर मोजताना ग्रो बॅगवरच्या आकड्यांनी फसायला होतं. गोल तळ शिवलेली १२ × १२ इंची बॅग म्हणजे १२ इंच व्यास आणि १२ इंच उंची. काठोकाठ भरली तर सुमारे २२ लिटर, वरची दोन इंच जागा सोडली तर १८. पण नर्सरीतली साधी काळी प्लास्टिक पिशवी चपटी ठेवून मोजलेली असते. तिची १२ इंच रुंदी म्हणजे भरल्यावर २४ इंचांचा घेर, म्हणजे व्यास जेमतेम साडेसात इंच, आणि उंचीतली काही जागा तळ बसण्यात जाते. तीत ८ लिटरच्या आतच मिश्रण बसतं. आकडा तोच, कुंडी निम्म्याहून लहान. शंका असेल तर लिटरच्या मगाने कोरडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओतून मोजून घ्या.

उंचीलाही महत्त्व आहे, आणि ते का हे कळलं की बऱ्याच चुका टळतात. कुंडीतलं जादा पाणी खालून निघून गेलं तरी तळाचा काही सेंटिमीटरचा थर चिंबच राहतो. या थराची जाडी मिश्रण किती बारीक आहे यावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. समजा तो ५ सेंटिमीटरचा आहे. १५ सेंटिमीटरच्या पसरट कुंडीत एक तृतीयांश जागा ओलीगच्च झाली, ३० सेंटिमीटरच्या कुंडीत फक्त एक षष्ठांश. तेव्हा या तिन्ही भाज्यांना किमान ३० सेंटिमीटर खोली हवी. याच कारणाने तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे भरण्यात अर्थ नाही. पाणी बारीक मिश्रणातून जाड खडीत लगेच उतरत नाही, ते खडीच्या वरच अडतं, आणि चिंब थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा किंवा एक खापरी ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून, तेवढं बास.

भोकांची कंजुषीही नडते. रंगाची २० लिटरची बादली वापरणार असाल तर ती घासून स्वच्छ धुवा, तळाला १०-१२ मिलिमीटरची सहा-सात भोकं पाडा आणि चार भोकं बाजूला, अगदी तळाच्या कडेला लागून. सपाट फरशीवर ठेवलेल्या बादलीची तळाची भोकं जमिनीला चिकटून बंद होतात, तेव्हा बाजूचीच कामाला येतात. खाली दोन विटा दिल्या की पाणीही निघतं आणि तापलेल्या फरशीची धगही लागत नाही. धगीवरून सांगायचं तर, काळं प्लास्टिक आणि दुपारचं ऊन हे जुळत नाही. उन्हाकडच्या बाजूची माती इतकी तापते की तिथली पांढरी मुळी होरपळते आणि झाड कुंडीची अर्धीच बाजू वापरतं. बाहेरून पांढरा रंग द्या, गोणपाट गुंडाळा, किंवा पुढे एक छोटी कुंडी ठेवून सावली करा. कापडी बॅगेत मुळं थंड राहतात, कडेला हवा लागून टोकं थांबतात आणि आतून नव्या फांद्या फुटतात, त्यामुळे मुळांचं वेटोळं होत नाही. पण ती चारी बाजूंनी सुकते. त्याच मापाच्या प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा तिला पाणी जास्त लागणार, हे धरून एक माप मोठी घ्या. मातीच्या कुंडीचंही तसंच.

मग सरळ बी २० लिटरमध्येच का टाकू नये? टाकता येतं, पण मधल्या भानगडी बऱ्याच. इवल्याशा रोपाची मुळं मूठभर मातीतलं पाणी ओढतात, बाकीची १९ लिटर माती ओलीच बसून राहते. ओल्या मातीत हवा नसते. मुळी गुदमरते, बुरशी लागते, देठ जमिनीलगत बारीक होऊन रोप कोलमडतं, आणि मातीवर काळ्या चिलटांचा थवा फिरायला लागतो. कोरड्या, उन्हाच्या दिवसांत मोठी कुंडी फारशी बाधत नाही. ढगाळ, पावसाळी हवेत हमखास बाधते. म्हणून आधी बी पेरायचा ट्रे, मग १० सेंटिमीटरची छोटी कुंडी (साधारण अर्धा लिटर), मग कायमची जागा. उघड्यावरच्या झाडांना एवढ्या दोन पायऱ्या पुष्कळ. दर आठवड्याला कुंडी बदलत राहणं ही हौस आहे, गरज नाही. प्रत्येक वेळी रोप काही दिवस मागे पडतं.

छोट्या कुंडीतून कधी हलवायचं हे कॅलेंडरवर ठरवू नये. टोमॅटोचं रोप बियांपासून ४-५ आठवड्यांत तयार होतं, मिरची-वांग्याला ६ ते ८ आठवडेही लागतात, पण खरी खूण मुळांत असते. कुंडी उलटी करा, देठ दोन बोटांच्या मध्ये ठेवून तळहातावर माती पेला आणि बूड ठोका. गोळा अखंड बाहेर आला, बाजूने पांढऱ्या मुळ्यांची जाळी दिसतेय, तरी मध्ये मध्ये माती दिसते आहे: हीच वेळ. माती भुसभुशीत गळून पडली तर आठवडाभर थांबा. माती दिसतच नाही, तळाशी मुळ्यांची चकती झालीय आणि त्या तपकिरी पडू लागल्यात, तर उशीर झाला. अशा वेळी गोळ्याच्या बाजूंना तीन-चार ठिकाणी अर्धा सेंटिमीटर खोल उभे काप द्या आणि तळाची चकती बोटांनी मोकळी करा. नाहीतर मुळं नव्या कुंडीतही त्याच वेटोळ्यात फिरत राहतात आणि झाड महिन्यानंतरही बोटाने उपटून येतं.

हलवण्याआधी उन्हाची सवय लावायलाच हवी. सावलीत वाढलेल्या रोपाला पहिल्या दिवशी तासभर कोवळं ऊन, मग रोज तास-दीड तास वाढवत आठवडा-दहा दिवसांत पूर्ण ऊन. हा टप्पा गाळला तर पानांवर पांढुरके, कागदासारखे डाग पडतात. ते रोग नाहीत, भाजल्याचे असतात. ती पानं सुधारत नाहीत, पण नवी चांगली येतात.

२० लिटरच्या कुंडीसाठी एक भरवशाचं मिश्रण: चाळलेली माती ६ लिटर, भिजवून मोकळं केलेलं कोकोपीट ७ लिटर, गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत ५ लिटर, परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) किंवा भाताचं तूस २ लिटर, आणि दोन मुठी निंबोळी पेंड. नुसती बागेची माती भरू नका, चार पाण्यांत ती विटेसारखी बसते. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजून ६०-७० लिटर होते. ते दोन-तीनदा भिजवून पाणी काढून टाका, कारण त्यात बऱ्याचदा मीठ असतं. शेणखताला वास येत असेल किंवा ढिगात हात घातल्यावर गरम लागत असेल तर ते कच्चं आहे, मुळं जाळेल. मिश्रण भरून एकदा पाणी द्या, ते खाली बसेल, मग वर भर घाला. आणि कुंडी जिथे कायमची राहणार तिथे नेऊनच भरा. ओल्या मिश्रणाची २० लिटरची कुंडी २० किलोच्या आसपास भरते आणि सरकवताना कापडी बॅगेतली मुळं तुटतात.

लावायचं संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी. तासभर आधी रोपाला पाणी द्या, म्हणजे गोळा फुटत नाही. नवं मिश्रण वाफशावर हवं: मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, बोटाने टोचलं तर सुटावा. गोळ्यापेक्षा थोडा रुंद खड्डा करा आणि आधाराची काठी आत्ताच रोवा. महिन्याने रोवलेली काठी मुळांच्या मधून जाते.

किती खोल लावायचं यात तिघांचं एकमत नाही. टोमॅटोच्या देठावर जिथे माती लागेल तिथे मुळं फुटतात. खालची पानं खुडून त्याला वरच्या चार-पाच पानांपर्यंत पुरा. लांबुळकं, सुकडं रोप असेल तर आडवं निजवून लावा. अपवाद कलमी रोपाचा. त्याचा जोड मातीच्या वरच राहिला पाहिजे, नाहीतर वरच्या वाणाला स्वतःची मुळं फुटतात आणि कलमाचे पैसे पाण्यात. मिरची आणि वांगं मात्र आधी होतं त्याच पातळीवर, फार तर बोटभर खाली. त्यांच्या देठाशी ओल साचून राहिली तर कूज धरते. कागदाच्या किंवा कोकोपीटच्या विरघळणाऱ्या कुंडीसकट लावत असाल तर वरची कड फाडून टाका. मातीबाहेर राहिलेली कड वातीसारखं आतलं पाणी ओढून हवेत सोडते.

चहूकडून माती हलक्या हाताने दाबा, थापटू नका. काठापासून ४-५ सेंटिमीटर मोकळे ठेवा, नाहीतर झारीचं पाणी मुरायच्या आत बाहेर जातं. मग खालून पाणी निघेपर्यंत सावकाश द्या.

पुढचा आठवडा सगळ्यात फसवा. मुळं अजून जुन्या गोळ्यातच असतात. आजूबाजूची माती बोटाला ओली लागते, म्हणून पाणी दिलं जात नाही, आणि मधला गोळा मात्र ठणठणीत सुकलेला असतो. कोकोपीटमध्ये वाढवलेल्या ट्रेच्या रोपांचं हे नेहमीचं. म्हणून ७-८ दिवस बोट देठालगत खुपसून बघा आणि पाव ते अर्धा लिटर पाणी रोज देठाशीच घाला, कडेला नाही. दोन-तीन दिवस दुपारची सावली करा. खत अजिबात नको, मिश्रणात आहे तेवढं पुरे. नवं पान उघडलं की रोपाने जीव धरला म्हणायचं. त्यानंतर आठवड्याने पातळ द्रवखत, बाटलीवर लिहिलेल्याच्या निम्म्या मात्रेने.

दुपारी पानं लवली आणि संध्याकाळी उभी राहिली तर घाबरू नका, पाणीही ओतू नका. सकाळी सकाळीच रोप मान टाकून असेल तर मात्र बघा: गोळा कोरडा असेल तर पाणी, चिंब असेल तर भोकं तुंबलीत. चिंब मातीतल्या सुकलेल्या रोपाला आणखी पाणी घालणं हा त्याला मारण्याचा सगळ्यात जलद मार्ग.

राहिली छोट्या कुंडीत अडकलेली मोठी झाडं, फळं धरलेली. त्यांना उपसून हलवलं तर फुलं आणि बारकी फळं गळतात. त्यापेक्षा ग्रो बॅग किंवा प्लास्टिकची कुंडी असेल तर तिचा तळच कापून काढा. मोठ्या कुंडीत निम्म्यापर्यंत मिश्रण भरून ओलं करा, त्यावर झाड जुन्या कुंडीसकट बसवा आणि कडेची पोकळी भरून घ्या. मुळं तळातून खाली उतरतात, वरचा गोळा हलत नाही. पाणी मात्र दोन्हीकडे द्यावं लागतं: निम्मं आतल्या कुंडीत, निम्मं बाहेरच्या कडेला.