पॅरा?

२००० साली मी नाशिकला एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्या हंगामात पिंपळगावच्या आमच्या बागेतली द्राक्षं उचलून दिल्लीच्या एका व्यापाऱ्याने अण्णांना दिलेले दोन्ही चेक न वटता परत आले. घरात दुसरा विषय नव्हता. तेवढ्यात कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी विद्यार्थ्यांनी कायदेविषयक लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली आणि मी एका रात्रीत आठ पानं लिहून काढली.

अंकात आतल्या पानावर संपादक म्हणून प्राध्यापकांचं नाव असे. आमची नावं शेवटच्या पानावर, जाहिरातींच्या वर, बारीक टायपात: ‘संपादन साहाय्य’. (ते तेव्हाही खुपलं, आजही खुपतं.) पण लेख निवडणं, कापणं, सायटेशन (निकालांचे संदर्भ) तपासणं, प्रुफं वाचणं, रविवार कारंजाजवळच्या डीटीपीवाल्याकडे ताटकळत बसणं, हे सगळं मुलांचंच काम. मंडळाची प्रमुख आमच्याहून दहा वर्षांनी मोठी, बँकेतली नोकरी सांभाळून सकाळच्या वर्गांना येणारी. सगळे तिला ताई म्हणायचे.

ताईने पहिल्या पाच पानांवर पेन्सिलची आडवी रेघ मारली. म्हणाली, “हे अण्णांचं दुःख आहे. कायदा सहाव्या पानावर सुरू होतो.”

सहाव्या पानावर मी लिहिलं होतं की, व्यापारी दिल्लीचा असला तरी खटला आमच्या तालुक्याच्या, निफाडच्या कोर्टात चालू शकतो. आधार होता सर्वोच्च न्यायालयाचा १९९९चा ताजा निकाल, के. भास्करन विरुद्ध शंकरन वैद्यन बालन. चेक देणं, तो बँकेत टाकणं, तो न वटणं, लेखी नोटीस देणं आणि नोटीस मिळूनही १५ दिवसांत पैसे न देणं, या पाच गोष्टी मिळून चेक न वटल्याचा, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८चा गुन्हा पुरा होतो. त्या पाच वेगवेगळ्या ठिकाणी घडल्या, तर त्यांतल्या कुठल्याही ठिकाणच्या कोर्टात फिर्याद करता येते. शेतकऱ्याचे दिल्लीचे हेलपाटे वाचणं म्हणजे काय, ते आमच्या घरात कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

हे मी अवतरणचिन्हांत टाकून तो निकाल लिहिणाऱ्या न्या. के. टी. थॉमस यांच्या तोंडी घातलं होतं. समासात ताईचा एकच शब्द: पॅरा? म्हणजे, हे निकालाच्या कितव्या परिच्छेदात आहे?

सायकल काढून सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात गेलो. ओळखीच्या एका वकिलांनी बार असोसिएशनच्या ग्रंथालयात बसू दिलं. १९९९चा सातवा एससीसी (सुप्रीम कोर्ट केसेस, लखनौहून निघणारे निकालांचे खंड), पान ५१०. निकाल दोनदा वाचला. अर्थ तोच होता, पण माझं वाक्य त्यात कुठेच नव्हतं. ते वर, निकालाआधी छापलेल्या सारांशात, म्हणजे हेडनोटमध्ये होतं. हेडनोट लिहितो तो या खंडांचा संपादक. म्हणजे लखनौला बसलेल्या कुणा अनामिकाचं वाक्य मी सर्वोच्च न्यायालयाच्या नावावर छापायला निघालो होतो! घरी येईपर्यंत कान गरम होते.

माझं टिपण अडीच पानांचं होऊन छापून आलं, आणि पुढच्या वर्षी पेन्सिल माझ्या हातात आली. एका प्राध्यापकांच्या लेखात दोन मुदतींचा घोळ झाला होता. तेव्हा बँकेकडून कळल्यापासून नोटीस द्यायलाही १५ दिवसच असत (त्याचे ३० नंतर झाले), त्यामुळे दोन्ही पंधरवडे एकमेकांत मिसळायचे. समासात ‘कुठले १५?’ असं लिहायला मला दोन दिवस लागले. सरांनी काही न बोलता दुरुस्ती केली. पुढे आठवडाभर ते माझ्याशी जरा तुटकच होते.

हार्वर्डचं लॉ रिव्ह्यू हे कायद्याचं नियतकालिक १८८७ पासून विद्यार्थीच चालवतात, प्राध्यापकांचा लेख घ्यायचा की परत पाठवायचा हेही तेच ठरवतात, असं कुणीतरी सांगितलं तेव्हा आम्हाला ती थाप वाटली. वॉरन आणि ब्रँडाइस या अमेरिकी वकिलांचा खासगीपणाच्या हक्कावरचा १८९०चा लेख त्यातलाच. खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालात त्याचा दाखला आहे. शिकाऊ मुलांनी जाणत्यांचे लेख तपासावेत का, यावर तिकडेही कुरकुर असते आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. पण आता माझ्याकडे येणारे ज्युनिअर पैसे भरून आठवड्यात छापून आलेले लेख दाखवतात, “सर, सीव्हीला लागतात.” पॅरा विचारला की माझ्याकडे बघत राहतात. त्यापेक्षा ती कुरकुर परवडली.

अण्णांचा खटला निफाडलाच लागला. तडजोड झाली, पैसे पुरे मिळाले नाहीत.

२०१४च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा दशरथ राठोड खटल्यातला निकाल आला: फिर्याद फक्त ज्या बँकेवर चेक काढला तिथल्या कोर्टात. भास्करनचा निकाल मोडीत निघाला, त्याबरोबर माझी अडीच पानंही. पुरावा सुरू न झालेल्या तक्रारी परत मिळू लागल्या आणि माझे अशील, बहुतेक बागायतदारच, मलाच विचारू लागले, “वकीलसाहेब, तुम्ही तर निफाडला चालेल म्हणाला होतात?” पुढच्या वर्षी संसदेने कायदा बदलून कलम १४२(२) आणलं. चेक खात्यात टाकला असेल तर ज्याला पैसे मिळायचे त्याच्या बँकेच्या शाखेचं ठिकाण धरायचं, असं ठरलं. पिंपळगावचं खातं, निफाडचं कोर्ट.

मागच्या वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयात तो अंक सापडला. माझ्या टिपणाच्या समासात कुणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं, ‘ओव्हररूल्ड. दशरथ राठोड बघा.’ त्याखाली दुसऱ्याच अक्षरात: ‘आणि आता १४२(२).’