रजनी, गॅसवाले काका आणि एक कप

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी 'रजनी'ची जुनी क्लिप टाकली. तीच हो, दूरदर्शनवरची मालिका, दिसेल त्या अन्यायाशी भांडणाऱ्या गृहिणीची, प्रिया तेंडुलकरची, 1985 सालची, बासू चॅटर्जींनी केलेली. टाकल्यापासून अर्ध्या तासात 27 अंगठे, 6 नमस्कार आणि "आज अशा रजनीची गरज आहे" हे वाक्य चार वेगवेगळ्या लोकांनी चार वेगवेगळ्या प्रकारे टाइप केलेलं. आता गंमत अशी की त्याच्या आदल्याच आठवड्यात बी विंगमधल्या एका बाईंनी ह्याच ग्रुपवर लिफ्टच्या मेंटेनन्सचा हिशोब मागितला होता तर ह्याच अंगठेवाल्यांपैकी दोघांनी "हा ग्रुप ह्यासाठी नाहीये" म्हणून त्यांना गप्प केलं होतं. म्हणजे रजनी हवी, पण टीव्हीत. बी विंगमध्ये नको.

मी काही लिहिलं नाही तिथे. पण डोक्यात ते चालूच राहिलं म्हणून इकडे लिहितेय.

आम्ही गिरगावातल्या चाळीत राहायचो. आमच्या मजल्यावर एकच टीव्ही होता, कोपऱ्यातल्या काकूंकडे, लाकडी शटरचा, वर क्रोशाचा रुमाल, त्यावर प्लॅस्टिकची फुलं. पोरं पुढे जमिनीवर, बायका मागे, पुरुष दाराच्या चौकटीला टेकून आणि उशिरा येणारे गॅलरीतून खिडकीच्या गजाला धरून. छायागीतला गर्दी व्हायची, रविवारच्या पिक्चरला तर विचारूच नका, पण 'आमची माती आमची माणसं'सुद्धा आम्ही बघायचो. ज्यांच्या सात पिढ्यांनी आता शेत बघितलं नसेल असे लोक उसावरच्या किडीची माहिती मन लावून ऐकायचे. का, तर टीव्ही चालू आहे म्हणून. वरळीच्या टॉवरवरून जे येईल ते बघायचं, 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हापासून हाच नियम. बरीच वर्षं दुसरं चॅनल नावाची गोष्टच नव्हती.

आणि आमच्या मजल्यावर गॅसवाले काका होते. ते एका गॅस एजन्सीत क्लार्क होते, बस, एवढंच. पण त्या काळात गॅसचा नंबर लागायला वर्षं जायची आणि आमच्या बायका रॉकेलच्या रांगेत उभ्या राहून स्टोव्हला पिना मारत बसायच्या, त्यामुळे काकांचा मान काय वर्णावा. दिवाळीत फराळाचं पहिलं ताट त्यांच्याकडे जायचं. गणपतीच्या आरतीला तबक त्यांच्या हातात.

तर रजनीचा तो गॅसवाल्यांशी भांडायचा एपिसोड लागला आणि कोपऱ्यातल्या त्या खोलीत आम्ही पंचवीसतीस माणसं होतो आणि काका नेहमीसारखे पुढे एकुलत्या एका खुर्चीवर. सुरुवातीला सगळे हसत होते. मग हळूहळू हसणं थांबलं आणि मला अजून आठवतंय, लोक टीव्हीकडे कमी आणि काकांच्या मानेकडे जास्त बघायला लागले. त्यांची मान मागून लाल होत गेलेली मी स्वतः बघितली, मी त्यांच्या बरोब्बर मागे बसले होते. जाहिराती लागल्यावर काका उठले, "चला, सकाळी लवकर आहे" म्हणाले आणि गेले.

सकाळी नळावर स्फोट. कुणीतरी बाई म्हणाल्या, काय हो, काल रजनीने चांगलीच घेतली की. तशा काकांच्या मिसेस हातातली कळशी खाली ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी तुमचा नंबर वर सरकवला तेव्हा नाही आठवली ती रजनी?" आणि मग एकेकीचं नाव घेऊन कुणाचा सिलिंडर कधी आला, कोण पेढे घेऊन आलं होतं, कोण नवऱ्याला पाठवून रडलं होतं, सगळं नळावर. त्यात आमचंही नाव होतं. आई एक शब्द बोलली नाही. बादली भरली आणि घरात आली. आमचा गॅस 14 महिन्यांत आला होता हे मला त्या दिवशी कळलं, आणि तो तसा का आला हेही.

तिकडे खरोखरच्या गॅस वितरकांनीसुद्धा त्या एपिसोडचा जाहीर निषेध केला होता. आमची बदनामी होते वगैरे. म्हणजे आमच्या नळावर जे झालं तेच मोठ्या पातळीवर झालं, फक्त तिकडे लेटरहेड होतं.

त्याआधी 'हम लोग' होती. 7 जुलै 1984 ला सुरू झाली, दीडशेच्या वर भाग, मनोहर श्याम जोशींचं लिखाण आणि शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द सांगणार आणि 'छन्न पकैया' करणार. ही मालिका मुळात काढलीच होती कुटुंब नियोजन, मुलगामुलगी समानता असलं काहीबाही लोकांच्या गळी उतरवायला, मेक्सिकोत असा प्रयोग झाला होता त्यावरून. त्यातली मझली नटी व्हायला मुंबईला पळून येते आणि फसते, त्यावर आमची अख्खी चाळ खूश होती, मुंबईचं नाव निघालं ना. पण खरा वाद भागवंतीवरून. भागवंती म्हणजे दारुड्या बसेसर रामची बायको, सगळं सोसणारी. बनवणाऱ्यांना म्हणायचं होतं की बघा, बाई नुसती सोसत राहिली की काय होतं. आणि आमची आजी म्हणायची, "अशी सून मिळायला भाग्य लागतं." हे ती आईकडे बघून म्हणायची हे वेगळं सांगायला नको. आई त्यावर भाकरी जरा जोरात थापायची. कितीतरी वर्षांनी कॉलेजात वाचलं की हा घोळ आजीचा एकटीचा नव्हता, ह्या मालिकेवर रीतसर अभ्यास झाला त्यात बऱ्याच प्रेक्षकांनी भागवंतीलाच आदर्श मानलं होतं असं निघालं. दिल्लीत बसून तुम्ही काय संदेश पाठवता ते तुमच्यापाशी, इकडे पोचेपर्यंत त्यात सासवा आपापलं मीठ घालतात.

(रामायण-महाभारतावर मी लिहीत नाहीये. त्यावर सगळ्यांनी लिहिलंय, रस्ते ओस पडायचे वगैरे. पडायचे, खरंय.)

'तमस' मात्र सांगायलाच हवी. जानेवारी 1988, माझं दहावीचं वर्ष. गोविंद निहलानींची, भीष्म साहनींच्या कादंबरीवरची, फाळणीवरची. दोनतीन आठवड्यांत प्रकरण मुंबई हायकोर्टात, की हे दाखवलं तर दंगे होतील. एका न्यायमूर्तींनी स्थगिती दिली. मग बख्तावर लेंटिन आणि सुजाता मनोहर ह्या दोन न्यायमूर्तींनी मालिका सगळीच्या सगळी बसून बघितली आणि स्थगिती उठवली. पुढे फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच कायम केलं. मला त्यातली बघण्याची गोष्ट फार आवडते. म्हणजे ज्या गोष्टीवर भांडायचं ती आधी शेवटपर्यंत बघायची. आमच्याकडे वडील आणि त्यांचे मित्र पहिल्या भागातल्या डुक्कर मारायच्या सीनवरच दोन रात्री भांडले होते आणि पुढचं त्यांच्यापैकी निम्म्यांनी बघितलंही नव्हतं.

वडिलांच्या ऑफिसात एक सिंधी काका होते, चेंबूर कॅम्पात राहायचे, लहानपणी कराचीहून आलेले. त्यांना सगळे विचारायचे, तुम्ही सांगा, खरं आहे का हे. ते म्हणायचे मी लावत नाही. मला नाही बघायचं. मग वडील म्हणाले, म्हणजे बंद करावी असंच ना तुमचं म्हणणं? तर म्हणाले, नाही नाही, बंद कशाला, तुम्ही बघा ना. हे वडिलांनी घरी येऊन सांगितलं आणि मग बराच वेळ चहा न पिता बसले होते. वादात खरं तर ज्याचं म्हणणं सगळ्यात आधी ऐकायला पाहिजे तो माणूस टीव्ही बंद करून बसलेला असतो, आणि बाकीचे आम्ही त्याच्या वतीने तावातावाने.

असो. पंचवीस वर्षं पुढे जाऊ.

मे 2012, आमिर खानचा 'सत्यमेव जयते'. रविवारी सकाळी 11 वाजता, स्टारवर आणि त्याच वेळेला दूरदर्शनवर, म्हणजे पुन्हा एकदा सगळ्यांनी एकच बघायचं. 6 मे ला पहिला भाग, स्त्रीभ्रूणहत्येवर. माझ्या नणंदेचे मिस्टर डॉक्टर आहेत, उपनगरात स्वतःचं क्लिनिक, अगदी सज्जन माणूस, त्यांचा भाग संपल्या संपल्या फोन, की वहिनी, बघितलंत का, असं काहीतरी पाहिजेच होतं. तीन रविवार हे चाललं. चौथ्या रविवारी, 27 मे ला, विषय होता डॉक्टर. कट प्रॅक्टिस (म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरांनी घ्यायचं कमिशन), नको ती ऑपरेशनं, महागडी औषधं. आणि नेमके ते सगळे त्या दिवशी आमच्याकडे जेवायला होते.

आमरस होता. मी पुऱ्या तळत होते म्हणून मला अर्धंच दिसत होतं पण ऐकू सगळं येत होतं. आधी ते म्हणाले, थोडं अतिरंजित आहे. मग म्हणाले एका बाजूचं आहे. मग माझा दीर म्हणाला, पण कट घेतात ना रे? तर त्यांनी वाटी बाजूला सरकवली आणि म्हणाले, घेतात, मी नाही घेत, पण रात्री दोन वाजता तुझ्या आईला तपासायला आलो तेव्हा आमिर खान आला होता का? झालं. पुढचं लिहीत नाही, घरचे लोक वाचतात. मला त्यांचं म्हणणं अजिबातच चूक वाटलं नव्हतं हेही सांगते, सगळ्यांना एका पोत्यात घातलं की जो घेत नाही त्याला जास्त लागतं. पण तीन रविवार दुसऱ्यांना पोत्यात घातलेलं चाललं होतं ना. नंतर इंडियन मेडिकल असोसिएशनने आमिर खानने माफी मागावी म्हणून मागणी केली, त्याने मागितली नाही. आणि 2017 मध्ये ह्याच कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा करायला महाराष्ट्र सरकारनेच समिती नेमली, तेव्हा आमच्याकडे कुणी विषयसुद्धा काढला नाही. आमरसाचा सीझन नव्हता कदाचित.

माझ्या लक्षात आलंय ते एवढंच की कार्यक्रम 'त्यांच्याबद्दल' असतो तोवर आम्ही टाळ्या वाजवतो, खुर्चीवर बसलेल्याची मान लाल झाली की मग खरा वाद. आणि तो वाद ऐकू यायला मागे कुणीतरी लागतं. गॅसवाल्यांची संघटना होती, डॉक्टरांची होती. पण काही ठिकाणी मान लाल होते आणि आवाजच होत नाही, त्याचं सांगते.

8 जुलैचा भाग अस्पृश्यतेवर होता. बेझवाडा विल्सन आले होते, हाताने मैला उचलण्याविरुद्ध आयुष्यभर काम करणारे, त्यांना पुढे 2016 मध्ये मॅगसेसे मिळालं. कौशल पनवार होत्या, दिल्लीत संस्कृत शिकवणाऱ्या, त्यांनी शाळेपासून काय काय झालं ते सांगितलं. पाऊस पडत होता. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी रविवारी उशिराच यायच्या, त्या दिवशी भांडी झाल्यावर त्या येऊन बसल्या बघत. खाली, लादीवर. सोफ्यावर दोन माणसांची जागा रिकामी होती. मी "वर बसा ना" म्हणाले आणि त्या "बरं आहे इथे" म्हणाल्या, हा संवाद आमच्यात इतक्या वेळा झालेला होता की दोघी टीव्हीवरची नजर न काढता बोललो.

मग मी चहा केला. आणि मावशींना त्यांच्या कपात दिला.

त्यांचा कप म्हणजे, होता एक. जाडा पांढरा, कान तुटलेला, खिडकीच्या कट्ट्यावर उपडा ठेवलेला असायचा. मी तो 'वेगळा' म्हणून ठेवलेला नव्हता हां, असं मी स्वतःला लगेच सांगितलं. कान तुटला म्हणून पाहुण्यांना देता येत नव्हता, टाकवत नव्हता, म्हणून तिकडे गेला. पण मग तो मीही वापरू शकले असते ना चार वर्षांत एकदा तरी. टीव्हीवर ती बाई काय सांगतेय आणि माझ्या समोर मावशी दोन्ही हातात तो कप धरून फुंकर मारतायत. मी कुणाशी भांडणार? माझ्या बाजूने निषेध करायला कोण येणार, कपवाल्यांची असोसिएशन?

मावशींनी विचारलं, "ताई, तो आमिर खरंच रडतो का काही लावतो डोळ्यात?" मी म्हणलं खरंच रडत असेल. "असेल," म्हणाल्या, कप विसळला, उपडा ठेवला आणि गेल्या.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला, सहा आठवड्यांनी पहिल्यांदा. म्हणाले, वहिनी, आजचा भाग मात्र मस्त होता.

रात्री मी तो कप कचऱ्यात टाकला. सोमवारी सकाळी मावशींना आमच्या नेहमीच्या सेटमधल्या कपात चहा दिला, निळ्या फुलांचा, बशीसकट. त्यांनी तो बघितला, मग कट्ट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझा कप कुठे गेला?"

मी म्हणलं फुटला.

"अरे देवा," मावशी म्हणाल्या, "त्यात चहा जास्त मावायचा हो."