डावीकडे बागेश्री, उजवीकडे ठुमरी

अण्णांच्या कॅसेटी ९० मिनिटांच्या आणि बाजारात मिळणारी कोरी सीडी ८० मिनिटांची. या दहा मिनिटांपायी माझे अडीच महिन्यांचे शनिवार-रविवार गेले.

गोष्ट २००९ची. साताऱ्याच्या घरी साठ-सत्तर कॅसेटी होत्या, बहुतेक सी-९०, काही सी-६०. आकाशवाणीवर शनिवारी रात्री शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा, तो अण्णा टू-इन-वनवर भरून घेत. कार्यक्रम दीड तासाचा, कॅसेटची बाजू पंचेचाळीस मिनिटांची. बाजू पालटायची वेळ जवळ आली की घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही. आता टेपा चिकटायला लागल्या होत्या, डेकचा पट्टा सैल झाला होता, आणि सगळं सीडीवर घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण पुण्यात कॉम्प्युटरवर बसून पोट भरणारी घरात मीच.

कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवण्याला डोकं कमी आणि वेळ जास्त लागतो. डेकच्या मागून लाइन-इनमध्ये वायर घालायची, ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर सुरू करायचं आणि दीड तास थांबायचं. शिकायला मिळालं ते एवढंच, की टेप वाचणाऱ्या हेडशेजारचा बारका स्क्रू कानाने लावावा. पाव आटा फिरवला तरी तंबोऱ्याच्या तारा उघडतात. दुसरं म्हणजे, मूळ रेकॉर्डिंग मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला एकच आवाज देणारं असेल, तर स्टिरिओ डेकमधून आलेले डावा-उजवा दोन्ही चॅनल मिसळू नयेत. त्यांच्यात सुतभर मागेपुढे होतं आणि मिसळलं की आवाजावर कांबळं टाकल्यासारखं वाटतं. त्यातला जो बरा तो एक ठेवावा आणि दुसरा सरळ पुसून टाकावा. ही गोष्ट पुढे भलत्याच कामाला आली.

मग ती दहा मिनिटं. माझा पहिला विचार कुणाचाही असता तोच: एमपी३ करू. ७०० एमबीच्या एका सीडीवर १२८ केबीपीएसने बारा तासांहून जास्त गाणं मावतं. पण अण्णांचा सीडी प्लेअर निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला, त्याला फक्त ऑडिओ सीडी कळते. एमपी३ची सीडी घातली तर पडद्यावर एक ट्रॅक दिसला आणि स्पीकरमधून काहीच नाही. ‘नवीन प्लेअर घेऊ’ मी म्हणाले, तर अण्णा त्या प्लेअरकडे पाहत बसले. विषय संपला.

ऑडिओ सीडीचा हिशोब मात्र दगडावरची रेघ. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, तेही दोन चॅनलचे. मिनिटाला साधारण दहा एमबी. तुम्ही शांतता भरा नाहीतर सतारीचा झाला वाजवा, जागा तेवढीच जाणार. मोनो असलं म्हणूनही सूट नाही. दोन्ही चॅनलवर तेच ते दोनदा लिहिलं जातं.

दुसरा उपाय कात्रीचा. निवेदन, तबल्याची ठोकाठोक, टाळ्या, बाजू पालटतानाची खरखर, सगळं छाटून सहा मिनिटं निघाली. सीडी लिहिण्याच्या नीरो सॉफ्टवेअरमध्ये ओव्हरबर्न, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपलीकडे लिहिण्याची सोय, चालू करून आणखी दीड मिनिट घुसवलं. तरी शेवटची ठुमरी अर्धीच राहिली. अण्णांनी ऐकून विचारलं, “अगं, साथीला कोण होतं ते सांगतात ना सुरुवातीला? ते कुठे गेलं?” ठुमरीचं बोललेच नाहीत.

तिसरा उपाय सांगायलाही लाज वाटते. नव्वद मिनिटं ऐंशीत बसवायची तर वेग साडेबारा टक्के वाढवायचा, इतकंच ना? वाढवला. साडेबारा टक्के म्हणजे जवळपास दोन अर्धस्वर वर. काळी एकमध्ये गाणारा माणूस काळी दोनमध्ये गायला लागला. अण्णांनी सा ऐकला, पेटी उघडली, एक पट्टी दाबली आणि माझ्याकडे बघितलं. पट्टी न बदलता नुसती लय वाढवायची सोयही सॉफ्टवेअरमध्ये असते, पण विलंबित ख्यालातल्या लांब सुरांची आस त्यात अशी थरथरते की गवयाला थंडी वाजतेय असं वाटावं.

मग तपकीर गल्लीत ९० मिनिटांची कोरी सीडी मिळाली. दुकानदाराने आधीच सांगितलं होतं, “चालली तर चालली, परत घेणार नाही.” या सीडीवर लिहिण्याची चर जास्त दाटीने आखलेली असते, एवढाच तिचा चमत्कार. सॉफ्टवेअर तिलाही ऐंशीचीच धरत होतं. ओव्हरबर्नने दामटून भरली. माझ्या कॉम्प्युटरवर पूर्ण वाजली. साताऱ्यात पाऊण तास उत्तम, आणि मग अडखळायला लागली. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे गचके नेमके भैरवीला बसले. भैरवीला गचका बसला की मैफलच वाया.

उत्तर सुचलं ते एसटीत, खंबाटकी घाटात. दोन्ही चॅनलवर तेच ते लिहिलं जातं, यावर मी महिनाभर कुरकुरत होते. मग वेगळं वेगळं का लिहू नये? कॅसेटची ए बाजू डाव्या चॅनलवर, बी बाजू उजव्यावर. अण्णांनी अ‍ॅम्प्लिफायरचं बॅलन्सचं बटण डावीकडे पूर्ण फिरवायचं, सीडी ऐकायची, मग उजवीकडे फिरवून पुन्हा पहिल्यापासून लावायची. म्हणजे कॅसेट पालटण्यासारखंच. गाणं एकाच स्पीकरमधून येणार, पण मूळ टू-इन-वनलाही एकच स्पीकर होता!

हिशोब मांडला. सी-९०ची बाजू प्रत्यक्षात छेचाळीस मिनिटं भरते. म्हणजे एक अख्खी कॅसेट फक्त छेचाळीस मिनिटांत. उरलेल्या जागेत सी-६०ची एकतीस मिनिटांची बाजू. एकूण सत्त्याहत्तर. दोन कॅसेटी, अडीच तासांहून जास्त गाणं, पंधरा रुपयांची साधी सीडी, ओव्हरबर्नची गरज नाही.

दोन गोष्टी आपटून कळल्या. ट्रॅकची खूण दोन्ही चॅनलला एकच असते. डावीकडे द्रुत जिथे सुरू होते तिथे उजवीकडे कुणीतरी तानेच्या मध्यावर असतं. म्हणून दर पाच मिनिटांवर खूण टाकली आणि कोणतं काय ते कागदावर लिहिलं. सीडी डिस्क-अ‍ॅट-वन्स पद्धतीने, म्हणजे मध्ये न थांबता एका दमात लिहिली आणि ट्रॅकमधलं अंतर शून्य केलं; नाहीतर दर खुणेला दोन सेकंदांचा खड्डा पडतो. दुसरं, जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचं बॅलन्स पुरतं तुटत नाही. डावीकडची बागेश्री चालू असताना उजव्या स्पीकरमधून शेजारच्या घरात रेडिओ लागल्यासारखी ठुमरी यायची. मी लाल आणि पांढऱ्या पिनांपैकी नको ती मागून उपसायचा उपाय सांगितला. अण्णांनी त्याऐवजी नको त्या स्पीकरवर उशी ठेवली. चालतं.

आई मात्र फसली. एका दुपारी तिने सीडी लावली तेव्हा बटण मधोमध होतं. गायक तोच, पट्टी तीच काळी एक, त्यामुळे तिला आधी जुगलबंदी वाटली. दहा मिनिटांनी मला फोन, “हा मनुष्य स्वतःशीच भांडतोय का गं?”

अशा प्रत्येक सीडीवर शेवटी तीनेक मिनिटं रिकामी राहत होती. निवेदन आता त्याच्या जागी, सुरुवातीलाच होतं, पण छाटताना एका फोल्डरमध्ये टाकलेला तंबोरे जुळवण्याचा तुकडा तसाच पडला होता. तो मी शेवटी जोडून टाकला. मैफल संपल्यावर तंबोरे जुळतात हे विचित्र आहे, पण अण्णांची तक्रार आली नाही.

दिवाळीला गेले तेव्हा बॅलन्सच्या बटणाशेजारी, डाव्या टोकाला आणि उजव्या टोकाला, आईने आपली एकेक टिकली चिकटवली होती. डावीकडे लाल, उजवीकडे मरून. माझ्या कागदावरही तिने तेच रंग लिहून ठेवले होते.