खोकडाची रजई

जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा चार-पाच अंशांवर उतरला, की शहरातल्या लश्कर भागात घराघरांत रजयांचा कापूस पिंजून झाला का, याची विचारपूस सुरू होते. शहराबाहेरच्या माळावर खोकडाला ती चिंता नाही. त्याची रजई जमिनीखाली असते.

आधी नावाचा गुंता. मराठीतला कोल्हा म्हणजे इथला सियार, कोल्हेकुई त्याची. शेजाऱ्यांची लोमडी ती आपलं खोकड: दोन-तीन किलोंचं, करड्या अंगाचं, झुपकेदार शेपटीचं टोक काळं. लडाखातल्या तांबड्या भाईबंदासारखी दाट लव याला नाही, आणि बर्फाखालचा उंदीर कानानं टिपून वरून सूर मारायची वेळही येत नाही. याची सगळी भिस्त मातीवर.

बिळाचं तोंड वीतभर, पण तोंडं बरेचदा एकाहून जास्त. आतली खोली दोन-तीन फूट खाली. वर दुपार आणि पहाट यांत पंधरा अंशांचा फरक पडो, तेवढ्या खोलीवर मातीला त्याचा पत्ताही नसतो. तिथं अंगाचं मुटकुळं करायचं, शेपूट नाकावर ओढायची आणि पडून राहायचं. जागा मात्र उताराची किंवा बांधाची हवी. सखल भागात मावठ्याची एक सर आली, की सगळी ऊब चिखलात.

बीळ चालू आहे का, हे तोंडाशी वाकून कळतं. कोळ्याचं जाळं शाबूत असेल तर घर रिकामं. माती ताजी उकरलेली असेल, शेजारी विष्ठेत बोरांच्या बिया दिसत असतील, तर मुकाट मागे फिरावं. काठी तर मुळीच घालू नये. थंडीत टोळ-भुंगे कमी झाले की उंदीर आणि बोरं यांवरच दिवस निघतात. मांसाहारी म्हणवणाऱ्या प्राण्यानं इतकी बोरं खावीत, याची गंमत वाटते.

आणि थंडी काढण्यापुरतंच हे बीळ नाही. डिसेंबर-जानेवारीत जोड्या जमतात, पन्नासेक दिवसांत पिल्लं होतात, बहुधा दोन ते चार. म्हणून या दिवसांत डागडुजी जोरात असते. खरा घात थंडी करत नाही, ट्रॅक्टर करतो. पडीक माळ सपाट करायला हेच कोरडे दिवस सोयीचे. एका सकाळी सगळी तोंडं बुजतात. जानेवारीत जोडी दुसरं बीळ गाठते. मार्चमध्ये आत डोळे न उघडलेली पिल्लं असतात.