आर्टी शॉ आणि माझा क्लॅरनेट : महिना सहावा

मागच्या नोंदीत १६व्या बारावर (बार म्हणजे चालीचा ठरावीक मात्रांचा एक तुकडा) अडकलो होतो. आता ४०पर्यंत पोचलोय, तेही मूळ लयीच्या निम्म्या लयीत.

नवीन वाचकांसाठी : मी शिकतोय ते गाणं 'बिगिन द बिगीन', अमेरिकी क्लॅरनेटवादक आणि बँडप्रमुख आर्टी शॉने वाजवलेलं. यातला दुसरा बिगीन म्हणजे मार्टिनिक बेटावरचा नाच. कोल पोर्टरने १९३५मध्ये लिहिलेलं हे गाणं १०८ बारांचं आहे. त्या काळची नेहमीची गाणी ३२ बारांत आटपायची, त्यांच्यापुढे हे मारुतीचं शेपूट. मी जपमाळ ओढतोय म्हणा ना!

या महिन्यातलं दुखणं म्हणजे 'ब्रेक', क्लॅरनेटच्या खालच्या सुरांतून वरच्या सुरांत जायचा सांधा. 'ला'वरून (A) 'सी'वर (B) जाताना उघडी बोटं एकदम सगळी बसवायची आणि मागची रजिस्टर की (सूर वर नेणारी कळ) दाबायची. एक बोट जरा उशिरा बसलं की वाद्य चिरकतं. रीड (तोंडाशी बसवलेली, फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी) बदलून पाहिली, दोन नंबरची काढून अडीचची, म्हणजे जरा कडक, लावली. सूर भरला, पण वीस मिनिटांत ओठ सुन्न. शॉ हीच उडी मारतो तेव्हा शिवण कुठे आहे ते ऐकूही येत नाही. चाल तो जवळजवळ साधीच वाजवतो, आणि तेच अवघड आहे.

शॉच्या बँडचं हे ध्वनिमुद्रण २४ जुलै १९३८चं. बँडसाठी वाद्यरचना करणाऱ्या जेरी ग्रेने बिगीनचा ठेका काढून सरळ चार मात्रांचा स्विंग (तेव्हाच्या जाझचा नाचायचा ठेका) केला. कंपनीचा भरवसा तबकडीच्या दुसऱ्या बाजूवरच्या 'इंडियन लव्ह कॉल'वर होता. चाललं मात्र हेच. त्याच दिवशी बिली हॉलिडेने या बँडबरोबर 'एनी ओल्ड टाइम' गायलं. गोऱ्यांच्या बँडमधली ही काळी गायिका. न्यूयॉर्कच्या लिंकन हॉटेलात तिला मालाच्या लिफ्टने ये-जा करायला लावलं, आणि वर्ष सरायच्या आत तिने बँड सोडला.

शॉला हे गाणं पुढे नकोसं झालं. रोज रात्री तीच फर्माईश, समोर उड्या मारणारी पोरं. नोव्हेंबर १९३९मध्ये ऐन भरात बँड टाकून तो मेक्सिकोला निघून गेला. परत आला, नवे बँड बांधले-मोडले, आणि १९५४मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, क्लॅरनेट कायमचा ठेवून दिला. त्यानंतर २००४पर्यंत जगला. आधी मला हा निव्वळ माज वाटायचा. एकच गाणं सहा महिने घोटल्यावर तितकासा वाटत नाही.

काल शेजारच्या काकूंनी जिन्यात गाठलं. "अजून तेच चाललंय का रे?"

तेच, काकू. ६८ बार राहिलेत.