फ्रँक स्पेन्सर आणि फँटम

"हा धडपडणारा कॉमेडीवाला, हा काय गाणार?" ब्रिटिश नट मायकेल क्रॉफर्डची जुनी क्लिप बघताना मित्र सहज बोलून गेला आणि ते डोक्यातून जाईचना.

अरे, १९७३ पासून बीबीसीवरच्या विनोदी मालिकेत फ्रँक स्पेन्सरचं पात्र करताना अंगावर काटा आणणारे स्टंट तो स्वतः करायचा, त्याच काळात, १९७४ ला, लंडनला 'बिली' म्युझिकलमध्ये गातही होता, मग १९८१ ला 'बार्नम' म्युझिकलसाठी चक्क तारेवर चालायला शिकला आणि प्रयोगात सगळ्यांसमोर चालायचा!

१९८६ ला 'फँटम ऑफ द ऑपेरा' म्युझिकलमध्ये फँटम. अर्धा चेहरा मुखवट्याखाली, म्हणजे भार सगळा आवाजावर. काय आवाज लावलाय! ऑलिव्हिए हे ब्रिटिश नाट्य-पारितोषिक मिळालं, १९८८ ला अमेरिकेतलं टोनीपण.

हसवणाऱ्या माणसाचं गाणं आपल्याला इतक्या उशिरा का ऐकू येतं?